हजची पुंजी आणि मलेशियाचा विकास
('ताबुंग हाजी' या संस्थेचा एक अभ्यास)

विकसनशील देशांच्या आर्थिक धोरणाची चर्चा निघाली की धरणे, पोलादाचे कारखाने, परकीय कर्जे आणि पंचवार्षिक योजना यांचीच नावे आधी घेतली जातात. सामान्य माणूस चार पैसे बाजूला कशासाठी टाकतो आणि ते कोठे ठेवतो, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो किंवा येतच नाही. मलेशियाने हा प्रश्न फार लवकर हाती घेतला. हजला जाण्यासाठी गरीब शेतकरी आणि कोळी जी पुंजी वर्षानुवर्षे साठवत होते, तिच्यातून त्या देशाने एक प्रचंड वित्तसंस्था उभी केली. तिचे नाव 'ताबुंग हाजी'. मलय भाषेत ताबुंग म्हणजे पैसे साठवण्याची नळी किंवा डबा. आपल्याकडचा गल्ला म्हणा ना. या संस्थेची पन्नास वर्षांची चढण जितकी अभ्यासण्यासारखी आहे, तितकीच २०१८ साली उघड झालेली तिची घसरणही. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी आणि विशेषतः पतसंस्थांच्या कारभाऱ्यांनी दोन्ही बाजू नीट पाहाव्यात, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

उशीत शिवलेला पैसा

मलाया ३१ ऑगस्ट १९५७ रोजी स्वतंत्र झाला. रबर आणि कथील ही त्याची मुख्य निर्यात. ढोबळमानाने सांगायचे तर मोठे मळे आणि खाणी ब्रिटिश कंपन्यांच्या हाती, शहरातील व्यापार चिनी वंशाच्या लोकांकडे, मळ्यांवर राबणारा मजूर तामिळ, आणि देशाचा मूळ रहिवासी असलेला मलय मुसलमान खेड्यात भातशेती, रबराची दोन-चार एकर बाग किंवा मासेमारी यांवर गुजराण करणारा, अशी स्थिती होती. राज्य आले, पण बाजार हाती नव्हता.

या खेड्यांचा अभ्यास करणारे एक अर्थशास्त्रज्ञ होते उंग्कू अब्दुल अजीज (१९२२-२०२०). पुढे १९६८ ते १९८८ अशी वीस वर्षे ते मलाया विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि तेथील सहकारी चळवळीचेही नेते होते. गृहस्थ पुस्तकी नव्हते. गरिबी मोजण्यासाठी त्यांनी एक अजब मोजमाप काढले होते: घरात सरोंग (लुंगीसारखे वस्त्र) किती आहेत ते मोजायचे आणि त्या संख्येला एक वर्षावरील माणसांच्या संख्येने भागायचे. उत्पन्न विचारले तर माणूस खरे सांगेलच असे नाही. सरोंग मात्र घरात असतात किंवा नसतात.

१९५९ साली त्यांनी सरकारला एक टिपण सादर केले. विषय होता हजला जाऊ इच्छिणाऱ्यांची आर्थिक स्थिती सुधारण्याचा. त्यांना दिसलेले चित्र असे. मलय शेतकरी हजसाठी पैसा साठवत असे, पण तो बँकेत ठेवीत नसे, कारण बँक व्याज देते आणि व्याजाचा पैसा हजसारख्या पवित्र कामाला कसा लावणार? म्हणून नोटा उशीत, गादीखाली, मडक्यात किंवा बांबूच्या नळीत राहात. चोरी, आग आणि वाळवी यांचे भय वेगळेच. पुंजी अपुरी पडली की म्हैस विकली जाई, मग शेताचा तुकडा. हाजीसाहेब मानाने गावी परतत, पण ज्या शेतावर घर चालत होते ते दुसऱ्याचे झालेले असे. हज ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच फर्ज आहे, हे खरे. परंतु आयुष्यभराची ओढ असली की माणूस ऐपतीचा हिशेब बाजूला ठेवतो.

नुकसान दुहेरी होते. घराचे नुकसान उघड दिसत होते. देशाचे नुकसान दिसत नव्हते: हजारो गावांतील पैसा चलनातून बाहेर पडून निजून राहात होता. भाववाढीचा साधा हिशेब करून पाहा. भाव दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढत असतील तर बारा वर्षांत ते दुप्पट होतात, म्हणजे उशीत ठेवलेल्या लाखाची खरेदीशक्ती पन्नास हजारांवर येते. हजची पुंजी तर पंधरा-वीस वर्षे साठवली जाते.

येथे उंग्कू अजीज यांचे वेगळेपण ध्यानात घ्यावे लागेल. त्या काळातील कितीतरी तज्ज्ञांनी अशा शेतकऱ्याला अडाणी ठरवून त्याला बँकेची सवय लावा, असा सल्ला दिला असता. यांनी शेतकऱ्याची श्रद्धा जशी आहे तशी गृहीत धरली आणि तिच्याभोवती संस्था बसवली. विकासाचे धोरण आखताना लोकांना बदलून मग योजना चालवायची, की लोकांना पटेल अशी योजना आखायची, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. मलेशियाचे यश दुसऱ्या वाटेने आले, असे माझे मत आहे.

३६ रिंगिटपासून सुरुवात

टिपणावर विचारविनिमय झाला. अल-अजहरचे प्रमुख शेख महमूद शल्तूत यांचीही योजनेला संमती मिळाली. १९६२ मध्ये कायद्याने महामंडळ स्थापन झाले आणि ३० सप्टेंबर १९६३ पासून ठेवी स्वीकारण्यास आरंभ झाला. पहिल्या वर्षी १,२८१ खातेदार मिळाले आणि ठेवी जमल्या सुमारे ४६,६०० रिंगिट. म्हणजे माणशी सरासरी ३६ रिंगिट! एवढ्यावर महामंडळ चालवायचे म्हणजे हसण्यावारी नेण्याचीच गोष्ट. त्याच वर्षी इजिप्तमध्ये मीत गम्र या गावी अहमद नज्जार यांनी बिनव्याजी बचत बँक सुरू केली होती. इस्लामी बँकिंगच्या इतिहासात तिचे नाव मोठे आहे, पण काही वर्षांतच ती बंद पडली. मलेशियाचा रोप टिकला, याचे एक कारण त्याला कायद्याचे कुंपण होते.

दुसरे कारण म्हणजे पैसे भरण्याची सोय. खेड्यात संस्थेची शाखा नव्हती, पण पोस्ट ऑफिस होते. तेथे पैसे भरता येत. नोकरदाराच्या पगारातून परस्पर कपात करण्याची व्यवस्था झाली. पुढे लहान मुलांच्या नावेही खाती उघडण्याची प्रथा पडली. १९६९ मध्ये पिनांग येथील सरकारी हज कार्यालय या महामंडळात विलीन करण्यात आले आणि बचत, प्रवास, निवास, वैद्यकीय पथक व हजचे प्रशिक्षण ही सारी कामे एका छपराखाली आली. ज्याने पैसे साठवले त्याला हजला नेण्याची जबाबदारीही त्याच संस्थेची. खातेदाराच्या दृष्टीने ठेवीचा हेतू डोळ्यांसमोर राहिला, आणि हेतू डोळ्यांसमोर असला की माणूस मधेच पैसे काढीत नाही. कोणत्याही बँकरला हेवा वाटावा अशी ही दीर्घ मुदतीची ठेव होती, आणि तरीही ती केव्हाही काढण्याची मुभा होती.

जमलेला पैसा व्याजाने न लावता पामतेलाच्या मळ्यांत, इमारतींत आणि हलाल व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांच्या समभागांत गुंतवला गेला. जो नफा होईल त्यातून जकात वजा करून उरलेला भाग खातेदारांना वाटायचा. १९८३ मध्ये इस्लामी बँकिंगचा कायदा होऊन 'बँक इस्लाम मलेशिया' सुरू झाली, तेव्हा तिच्या संस्थापक भागधारकांत ताबुंग हाजी होती. म्हणजे ज्या शेतकऱ्याला बँकेच्या दारात पाय ठेवणे नको वाटत होते, त्याच्याच पैशातून बँक उभी राहिली.

एक बाब चोखंदळ वाचकाला खटकेल. ठेवींना सरकारची हमी आहे. मग नफा-तोट्याची भागीदारी ती कसली? तिऱ्हाईताने, म्हणजे येथे सरकारने, हमी देण्यास हरकत नाही असे उत्तर दिले जाते. फिकहच्या दृष्टीने त्याचा निकाल उलेमांनी द्यावा. व्यवहाराच्या दृष्टीने एवढे मात्र दिसते की हमीमुळे लोकांचा विश्वास बसला, आणि हमीमुळेच पुढे कारभारी निर्धास्त झाले.

मोठ्या धोरणातील एक भाग

ताबुंग हाजी एकटी नव्हती. १३ मे १९६९ रोजी क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी यांच्यात भीषण दंगल उसळली. त्यानंतर १९७१ मध्ये सरकारने 'नवे आर्थिक धोरण' जाहीर केले. वंश न पाहता गरिबी हटवणे आणि अमुक वंश म्हणजे अमुक धंदा हे समीकरण मोडणे, अशी त्याची दोन उद्दिष्टे होती. १९७० मध्ये कंपन्यांच्या भागभांडवलात मलय व अन्य मूळ रहिवाशांचा वाटा अवघा २.४ टक्के होता. तो वीस वर्षांत ३० टक्क्यांवर न्यायचे ठरले. १९९० पर्यंत तो २० टक्क्यांच्या आसपास पोचला. गरिबीबाबतचे यश त्याहून मोठे आहे. १९७० मध्ये द्वीपकल्पीय मलेशियातील ४९ टक्के कुटुंबे दारिद्र्यात होती. १९९० पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आले. भूमिहीनांना जंगल साफ करून रबर व पामतेलाची जमीन, घर, रस्ता आणि शाळा देणाऱ्या 'फेल्डा' या १९५६ च्या संस्थेने एक लाखाहून अधिक कुटुंबे वसवली.

या धोरणाचे कौतुक आपल्याकडे फार एकतर्फी केले जाते. तेथे मुसलमान बहुसंख्य आहेत. विद्यापीठांतील राखीव जागा आणि सरकारी कंत्राटे बहुसंख्याकांच्या वाट्याला गेली. मळ्यावरचा तामिळ मजूर, जो गरीबच होता, तो या धोरणात बराच मागे राहिला. आपण स्वतः अल्पसंख्य असताना त्याचे दुःख आपल्याला कळू नये, हे बरे नव्हे. शिवाय कंत्राटे नेहमी गरीब मलयालाच मिळाली असेही नाही. सत्तेच्या जवळ असलेल्या मोजक्या घराण्यांनी हात धुऊन घेतले.

न मिळवलेला नफा

आता घसरणीकडे वळू. २०१० नंतरच्या दशकात ताबुंग हाजीचे खातेदार ९० लाखांवर आणि ठेवी ७० अब्ज रिंगिटच्या वर गेल्या होत्या. २०१४ साली संस्थेने नेहमीचा वाटा आणि हजचा बोनस मिळून ८.२५ टक्के वाटले, २०१५ साली ८ टक्के. बाजारातील इतर ठेवींपेक्षा हा दर कितीतरी चढा. साहजिकच पैशाचा ओघ वाढला, आणि त्यात हजशी कर्तव्य नसलेला धनिकांचा पैसाही आला.

दुसरा भार हजच्या खर्चाचा. पहिल्यांदा हजला जाणाऱ्याकडून २००९ पासून ९,९८० रिंगिट घेतले जात आणि वरचा खर्च संस्था सोसत असे. २०१९ मध्ये प्रत्यक्ष खर्च २२,९०० रिंगिट झाला तरी यात्रेकरूकडून घेण्याची रक्कम तीच होती. हे अनुदान सर्व खातेदारांच्या कमाईतून जात होते. गरिबाला हज घडावा ही भावना उत्तम. पण हिशेबाच्या वहीत तो खर्चच असतो.

१९९५ च्या कायद्यानुसार मालमत्तेपेक्षा देणी जास्त असताना संस्थेला नफा वाटता येत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये देशाच्या मध्यवर्ती बँकेने संबंधित मंत्र्यांना पत्र लिहून संस्थेची राखीव पुंजी उणे झाल्याचा इशारा दिला. त्या वेळी मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नर होत्या झेती अख्तर अजीज, म्हणजे ज्यांनी ही संस्था सुचवली त्या उंग्कू अजीज यांच्या कन्या. जानेवारी २०१६ मध्ये पत्र फुटले, गवगवा झाला, पण त्यानंतरही २०१५ चा आठ टक्क्यांचा वाटा जाहीर झालाच. त्याआधी २०१५ मध्ये '१ एमडीबी' या वादग्रस्त सरकारी कंपनीकडून राजधानीतील एक भूखंड १८.८५ कोटी रिंगिटला घेतल्याबद्दलही लोकांत संताप उसळला होता.

मे २०१८ मध्ये सरकार बदलले आणि बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून तपासणी झाली. डिसेंबरमध्ये संसदेत जाहीर झालेले आकडे असे: २०१७ अखेर मालमत्ता ७०.३ अब्ज रिंगिट, देणी ७४.४ अब्ज. खड्डा ४.१ अब्जांचा. २०१४ पासून संस्था कमाईपेक्षा अधिक वाटत होती. समभागांचे भाव पडले तर ते हिशेबात तोटा म्हणून केव्हा धरायचे, याचा नियमही सैल करण्यात आला होता. भाव पुन्हा चढतील, हा तोटा कागदावरचाच आहे, असे जुन्या कारभाराच्या समर्थकांचे म्हणणे होते.

हे कसे घडते ते लहान रकमेवर पाहू. समजा, कोणी शंभर रुपये ठेवले. संस्था कमावते वर्षाला चार टक्के, पण खात्यावर जमा करते सहा टक्के. चार वर्षांनी पासबुकात दिसतील १२६ रुपये २५ पैसे. संस्थेकडे असतील ११७ रुपये. सव्वानऊ रुपये कोठेच नाहीत. पण ही उणीव जाणवत नाही, कारण चढा दर पाहून नवे खातेदार रोज पैसे भरत असतात आणि जुना खातेदार काढायला आला तर त्यातून त्याला देता येतात. चोरी झाली तर तिजोरी रिकामी दिसते. येथे तिजोरी भरलेलीच दिसते, आणि जितका खड्डा मोठा तितकी नव्या ठेवींची गरज मोठी, म्हणून दर खाली आणण्याचे धैर्य कोणाला होत नाही.

संस्था वाचली ती सरकारमुळे. १९.९ अब्ज रिंगिट किंमत धरून तिची पडत्या भावाची मालमत्ता 'उरुशहर्ता जमाआह' या नव्या सरकारी कंपनीने घेतली. ही किंमत बाजारभावापेक्षा बरीच अधिक होती. फरकाचा भार अखेर करदात्यावर, म्हणजे त्या तामिळ मजुरावर आणि चिनी दुकानदारावरही. २०१८ साठी खातेदारांना १.२५ टक्के मिळाले. त्यानंतर दर तीन टक्क्यांच्या किंचित वर राहिला. हजचे अनुदानही पुढे कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरू लागले आणि वरच्या उत्पन्नगटाला पूर्ण खर्च भरावा लागला.

आपल्याकडे काय

हजच्या इतिहासात मुंबई बंदराचे स्थान मोठे आहे. १९९५ पर्यंत येथून जहाजाने यात्रेकरू जेद्दाला जात असत. नंतर केवळ विमान उरले. सरकार हजच्या विमानभाड्यावर अनुदान देत असे; सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते दहा वर्षांत संपवण्यास सांगितले आणि जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ते बंद केले. इतक्या वर्षांत अनुदान तिकिटाला मिळाले, बचतीला काहीच मिळाले नाही. त्या रकमेतून बचतीची एखादी संस्था उभी राहिली असती तर तिकिटाचे अनुदान गेल्याचे कोणाला फारसे जाणवलेही नसते. आज हज कमिटीमार्फत जाणाऱ्यालाही माणशी तीन लाखांच्या वर खर्च येतो. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कामगार असो की कोकणातला कोळी, त्याची पुंजी आजही एक तर कपाटात आहे, किंवा सोन्यात, किंवा भिशीत.

बँकेचा मार्ग तूर्त बंद आहे. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. ही पोकळी कोण भरतो, ते आपण पाहिलेच आहे. 'हलाल नफा' या नावाखाली भरमसाट दर देणाऱ्या कंपन्यांत समाजाचा पैसा बुडाला. बंगळूरची 'आय मॉनेटरी ॲडव्हायझरी' जून २०१९ मध्ये कोसळली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी तिच्यात अडकल्या होत्या. तेथे ना कायद्याची हमी होती, ना मळे, ना मध्यवर्ती बँकेचे पत्र. पण नफ्याचा दर पाहून पैसे भरण्याची रीत ताबुंग हाजीच्या २०१४ सालच्या नव्या खातेदारासारखीच होती.

राहिल्या सहकारी पतसंस्था. महाराष्ट्रात बिनव्याजी तत्त्वावर पतसंस्था चालवता येते आणि हजसाठी स्वतंत्र बचत खातेही तिला काढता येईल. परंतु बँकेतील ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत जे विमासंरक्षण आहे, ते पतसंस्थेतील ठेवींना नाही, हे प्रत्येक सभासदाला ठाऊक असले पाहिजे. म्हणून ठेवलेल्या पैशाची राखण त्यालाच करावी लागते, आणि त्याची साधने कायद्याने त्याच्या हाती दिलेली आहेत. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपल्यावर ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे संस्थेवर बंधनकारक आहे. लेखापरीक्षणात संस्थेला अ, ब, क, ड यांपैकी कोणता वर्ग मिळाला, वाटलेला नफा त्याच वर्षाच्या कमाईतून आला की राखीव निधीतून, आणि थकलेली कर्जे कोणाची, हे तीन प्रश्न त्या सभेत विचारता येतात. उत्तर टाळले गेले तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात, कामकाजाच्या वेळेत, विनामूल्य पाहण्याचा हक्क सभासदाला आहे.